घडीची पेटी

मेघना, माझी सून, कचेरीतून आली आणि मोबाइल पुढं करून म्हणाली, "आबा, हे पळसदेवचे तुमचे मित्र ना?"

मी चष्मा लावला. व्हिडिओत बाजेवर एक म्हातारा बसला होता. अंगात फाटकी बंडी, डोक्याला सुटत आलेलं मळकं मुंडासं. मला आधी ओळखू आला नाही, कारण रामहरी जन्मभर पांढरी टोपी घालतो. त्याच्यापुढं कुणीतरी मोबाइल धरला होता आणि त्यात एक परदेशी बाई पेटी वाजवत होती. रामहरी तोंड वासून बघत होता. ओठावरून लाळ गळत होती. ती न पुसता तो म्हणाला, "आगं बया! हिनं कोंबडी दाबलीया का काय?" मागून पुष्कळ माणसं हसली. माणसं कुठंच नव्हती. हसणं नंतर चिकटवलेलं होतं. व्हिडिओला नाव दिलं होतं, 'अडाणी आजोबा पहिल्यांदा बघतात विलायती बाजा'.

पहिल्यांदा! ती बाई आम्ही दोघं दोन वर्षं बघत होतो. तिचे व्हिडिओ त्याला मीच पाठवत होतो.

तिच्या वाद्याला कॉन्सर्टिना म्हणतात. दोन टोकांना सहा कोनांच्या लाकडी फळ्या, मधे कागदी कंदिलासारखा घड्यांचा भाता. दोन्ही हातांत धरून ओढायची आणि मिटायची, बोटांनी बारीक बटणं दाबायची. ते नाव रामहरीच्या तोंडात बसेना, म्हणून त्यानं तिला घडीची पेटी म्हणायला सुरुवात केली.

आम्ही दोघंही पेटीवाले. मी इथं सांगवीत आमच्या गायन पार्टीत वाजवायचो, तो पळसदेवच्या भजनात. ओळख झाली ती इंदापूरला, पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात. दोघांचेही भाते फाटले होते. आता पार्टीतली पोरं संगीत मोबाइलवरून लावतात, आणि भजनातही विजेवरचं वाद्य आलं आहे. आम्हाला कुणी बोलवत नाही. म्हणून दुपारची जेवणं झाली की एक व्हिडिओ बघायचा आणि मग फोनवर त्याचा कीस काढायचा, असा आमचा नेम होता.

ती बाई आपल्या स्वयंपाकघरात बसून वाजवायची. "बाजीराव, तिची किटली उतू चाललीया, पर बाई गत सोडंना," रामहरी म्हणायचा. एक तरणा पोरगा फार जलद वाजवायचा, त्याच्यावर हा चिडायचा. "हे पळतंय कुठं? मागं कुत्रं लागलंय व्हय?" पण सूर लागला की तोच रामहरी हळू आवाजात म्हणायचा, "मिटताना सूर कसा पोटात घेतीया बघ."

एकदा मात्र त्यानं त्या बाईला चोर ठरवलं. बोट हललं नाही आणि सूर बदलला, म्हणजे आवाज मागून घातलेला आहे, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. आमच्या पेटीत भाता फक्त वारा देतो. भाता कसाही हलवा, दाबलेली पट्टी आपलाच सूर देते. दुसऱ्या कुणाला हे खटकलं नसतं, पण आम्ही पेटीवाले, आम्ही त्या बाईला कितीतरी दिवस शिव्या दिल्या. मग एका व्हिडिओत तिनं सावकाश करून दाखवलं. एकच बटण, ओढताना एक सूर, मिटताना दुसरा. रामहरीचा लगेच फोन आला. "बाजीराव, आपण चुकलो रं. हिचा भाता निस्ता वारा देत न्हाय. सूर भाताच बदलतोय!" त्या रात्री त्याला जेवण सुचलं नाही.

असा हा माणूस. आणि त्याच्या ओठावर ती लाळ.

मी फोन केला. "रामहरी, हे काय करून बसलास?"

"बघितलास व्हय?" तो खुशीत होता. "आमच्या भावकीतला विजयसिंह. त्याचं चॅनेल हाय. लय लोकांनी बघितलंय म्हणं. काल बाजारात पोरं माझ्यासंगं फोटो काढत व्हती."

"आणि ते एका बटणात दोन सुरांचं? ते नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. त्यानं ते काढून टाकलं. म्हणला, तात्या, ह्यात गंमत न्हाय." मग म्हणाला, "खाली लोकांनी काय लिवलंय ते वाच की. मला कुठं वाचता येतंय."

मलाही पन्नाशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात वाचता यायला लागलं. मी पहिलं वाचलं ते मनातल्या मनात. मग वाटलं, ऐकू दे. "लिहिलंय, हे माकड कुठल्या पिंजऱ्यातून सुटलं."

पलीकडून हसू आलं. खरं हसू. "बेणं लय हुशार हाय! आजून वाच."

मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन थुंकलो. तोंडात काहीच नव्हतं, तरी थुंकलो.

त्यानंतर आठवडाभरानं विजयसिंहाचाच फोन आला. पुण्याच्या एका दुकानातून तो खरी कॉन्सर्टिना भाड्यानं आणणार होता आणि दोघा म्हाताऱ्यांना एकत्र बसवून व्हिडिओ करायचा म्हणत होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. ती पेटी खरोखरची, हातभर अंतरावर बघायला मिळणार होती. आणि रामहरीनं ती एकदा हातात घेतली, तर तो वाजवल्याशिवाय राहणार नाही, अशी माझी खात्री होती. लोकांनी तेवढं बघावं, मग कुणी त्याला माकड म्हणणार नाही, असं मला वाटलं. मी म्हणालो, "इथं या. माझ्या अंगणात."

ते आले. तिशीचा विजयसिंह गाडी चालवत होता, रामहरी पुढं शेजारी बसला होता. लिंबाखाली बाज टाकली होती. विजयसिंहानं खोकं उघडलं. काळ्या कापडात ती पेटी निजवलेली होती. मी हात धुतले, पुसले. रामहरीही न सांगता नळाकडं गेला आणि साबण लावून हात धुवून आला.

"तात्या, हात कशाला धुतलं?" विजयसिंह वैतागला. "मळकेच बरं दिसतात."

त्यानं गुलाबाच्या कुंडीतली माती चिमटीत घेतली आणि रामहरीच्या हाताला चोळली. मेघनानं आदल्या दिवशीच त्या कुंडीत शेणखत घातलं होतं. रामहरीनं तो हात चोळून घेतला आणि दुसराही पुढं केला.

मग विजयसिंह माझ्याकडं वळला. "आबा, तुमचा शर्ट लईच पांढरा हाय. काढता का? बनियनवर बसा. आन विचारायचं, रामहरी, हे खायाचं असतंय का?"

"आमच्या घरी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून चार माणसांत कुणी धुतल्या कपड्याशिवाय बसलेलं नाही," मी म्हणालो. "आणि मी असलं काही विचारणार नाही."

"बरं बरं. निस्तं बसा."

मी बसलो. विजयसिंहानं मोबाइल उभा केला. रामहरीच्या मांडीवर ती पेटी आली. त्यानं आधी ती नाकाजवळ नेऊन चामड्याचा वास घेतला. हात बाजूच्या चामडी पट्ट्यांत अडकवले, एक बटण दाबलं, ओढलं. सूर आला. तेच बटण, मिटलं. दुसरा सूर. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आला रं," तो पुटपुटला.

त्याचा डावा पंजा सारखा उघडझाप करत होता, आमच्या पेटीचा भाता हलवायची सवय. त्यानं तो दामटून धरला आणि सूर शोधायला लागला. दोन चुकले. मग एकापुढं एक सूर लागले आणि मला कळलं, तो त्याच्या भजनाची सुरुवात जुळवतोय. पाठ सरळ झाली होती. मुंडासं मागं सरकलं होतं, त्याला पत्ता नव्हता.

"कट, कट!" विजयसिंह ओरडला. "तात्या, येत न्हाय असं करायचं! आन चावा की तिला. ठरलंय ना आपलं?"

रामहरीची बोटं थांबली.

"वाजीव," मी म्हणालो. "रामहरी, वाजीव तू. करू दे त्याला काय करायचं ते."

"आबा, मधी बोलू नका. तात्या, वाजवणारी शंभर माणसं हायत. चावणारं तुमीच एकटं."

रामहरीनं माझ्याकडं बघितलं, मग त्या उभ्या मोबाइलकडं. मग तोंड उघडलं आणि भात्याच्या घडीत दात रोवले. एवढ्यावर थांबला नाही. कुत्रं हाड धरतं तसं मान हलवून गुरगुरला. हे गुरगुरणं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पेटीतून वेडावाकडा आवाज निघाला. विजयसिंह इतका हसला की त्याचा हात लागून मोबाइल पडला.

"परत घ्यावं लागंल," तो डोळे पुसत म्हणाला.

मी उठून पेटी रामहरीच्या हातातून घेतली. घड्यांत तंबाखूची तांबूस लाळ उतरली होती, आणि ती गरम होती. माझ्या धुतल्या उपरण्यानं मी एकेक घडी पुसली. मग पेटी परत रामहरीच्याच हातात दिली.

"तुला वाजवता येतंय. आत्ता आलं तुला. मी ऐकलं."

"येतंय रं," तो खाली बघत म्हणाला.

"मग?"

"चला तात्या, ऊन उतरायच्या आत!" विजयसिंह म्हणाला.

रामहरी दुसऱ्यांदा चावला. ह्या वेळी आणखी चांगला चावला.

"झालं असंल तर माझ्या अंगणातनं जावा," मी म्हणालो. मेघनानं चहा आणला होता, तो तसाच राहिला. रामहरी गाडीत पुढंच बसला. जाताना त्यानं हात केला, मी केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात व्हिडिओ आला. त्यात चावणं दोनदा होतं, एकदा साधं आणि एकदा सावकाश केलेलं. सूर एकही नव्हता. माझं तोंड मात्र घेतलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दुसरे आजोबा घाबरले'. मी चष्मा लावून बसलो आणि एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं: 'या माणसाचं नाव रामहरी. पळसदेवच्या भजनात चाळीस वर्षं पेटी वाजवली. ही पेटी आयुष्यात पहिल्यांदा हातात आली आणि त्यानं बसल्या बसल्या चार सूर शोधले. ते तुम्हाला दाखवलेलं नाही.'

संध्याकाळी रामहरीचा फोन आला. "बाजीराव, तू खाली काय लिवलंयस? विजयसिंह तणतण करतोय."

मी त्याला वाचून दाखवलं.

"चार न्हाय," तो म्हणाला. "पाच सापडलं व्हतं."

मी ती ओळ परत डोळ्यांखालून घातली.

"पर काढ ते. लोकं हसायची थांबतील."

"थांबू देत."

"मग मला बघंल कोण?"

मी बघीन, असं माझ्या तोंडात आलं होतं. पण डोळ्यांपुढं ती घड्यांतली लाळ आली आणि शब्द निघाला नाही. त्यानं थोडी वाट बघितली आणि फोन ठेवला.

मी चाराचे पाच केले. काढलं नाही. सकाळी बघितलं तर त्याखाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं होतं.