भोगवटादार

...आणि त्या टोकनाला कुणीतरी लाल दोरा बांधलेला होता. निळं, अंगठ्याएवढं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन — यात म्हणे तातेराव शेजूळ, विशेष सरकारी वकील, यांची सही राहते — आणि त्याला हा देवळातला दोरा! हरवू नये म्हणून बांधला सर, असं अक्षता म्हणाली होती. अक्षता त्यांची ज्युनिअर. हिला जगातली प्रत्येक वस्तू हरवेल असं वाटतं, स्वतःची अक्कल सोडून. तातेरावांनी दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. सही म्हणजे कशी हवी, शेवटचा ळ खाली ओढलेला, वळणदार. परतूरच्या कोर्टातले जुने कारकून कागद उजेडात धरून बघायचे. आता म्हणे ती या प्लास्टिकच्या डबीत बसते.

कोर्टाच्या ई-फायलिंगचं चाक पडद्यावर फिरत होतं. फिर बाबा, तुला तरी कुठं घाई आहे. आज तक्रारीचा शेवटचा दिवस. आज दाखल झाली नाही तर मुदत संपली, मग भट्टीत मेलेला माणूस कायद्यापुरता मेलाच नाही. इतके दिवस कारखाना निरीक्षक काय करत होता? मसुदा काखेत घेऊन हिंडत होता, आणि आज सकाळी दात काढत आला — साहेब, तेवढं दाखल करून टाका, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो. आता खाली कॅन्टीनमध्ये बसून भजी खात असेल. कण्याच्या जागी देवाने यांना काय दिलंय कोण जाणे.

दाराबाहेरच्या बाकावर साळूबाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. तिचा मुलगा माऊली सळयांच्या कारखान्यात होता. भट्टीत ओलं भंगार टाकायला लावलं, भट्टी उडाली, पोरगा गेला. सकाळपासून ती तशीच बसलेली. या बायका अशा बसतात की जसं काही आपणच यांचं चोरलंय. चहा दिला तर घेतला नाही. नको तर नको.

"सर, आरोपीचा रकाना वाचते," अक्षता म्हणाली. "भोगवटादार, भगवतीदेवी रतनलाल, वय एक्क्याऐंशी..."

"किती?"

"एक्क्याऐंशी. कागदोपत्री कारखाना त्यांच्याच ताब्यात आहे. आरोपी एवढ्या एकट्याच."

तातेराव नाकातून हसले. वा रे निरीक्षक! चोर सोडून संन्याशाला सुळी. कारखाना चालवतो नातू, मयंक. भट्टीपुढे उभा राहून हुकूम सोडतो तो, आणि कोर्टात उभी राहणार ही म्हातारी... उभी तरी कुठली, डॉक्टरचा कागद लागेल, हजेरी माफ होईल, आणि केस घोरत पडेल. मी हा मसुदा वाचला नव्हता. का वाचावा मी? वाचायला हाताखाली माणसं आहेत.

भगवतीदेवी... नवीन जालन्यात बँकेपुढे चहा पिताना तातेरावांनी तिला एकदा पाहिलं होतं. गाडीत मागच्या सीटवर बसलेली, काच खाली केलेली, आणि मुनीम खिडकीतून कागद पुढे धरतोय. हात बाहेर आला, बांगड्यांसकट. चष्मा तिच्या मांडीवरच होता. "कठे?" एवढंच विचारलं तिने, मारवाडीत, म्हणजे कुठं. मुनीमाने बोट ठेवलं, तिने सही केली, दुसरा कागद, परत "कठे?", परत बोट. चहा सांडेपर्यंत हसले होते तातेराव. काय हे मेंढरू! आपण कशाखाली सही करतोय हेसुद्धा माणसाला विचारावंसं वाटू नये?

फोन वाजला. मयंकच. नाव काढायचा अवकाश.

"वकीलसाहेब, दादींचंच नाव आहे ना? बराबर. कागदावर त्याच आहेत. त्यांना काय फरक पडतो, आम्ही म्हणू तिथं सही करतात."

"बघतो," तातेराव म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांना त्या 'बघतो'ची किळस आली. त्या पोराला दोन शिव्या हासडायच्या सोडून — बघतो! काय बघतो?

साळूबाई दारात येऊन उभी होती. "साहेब, भोगवटादार म्हंजी ओ काय?"

"ज्याच्या ताब्यात कारखाना असतो, तो."

"आस्सं." तिने पदर सावरला. "मला वाटलं, ज्याला भोगावं लागतं त्याला म्हनत्यात. मंग म्हन्लं माझं नाव काहून न्हाई त्याच्यात." मग म्हणाली, "त्या मयंकशेठनंच टाका म्हनून सांगितल्तं, ओलं हाय म्हनलं तरी. समद्यांनी आयकलं. त्याचं नाव टाकलं का न्हाई?"

अडाणी बाई... असं म्हणायचं होतं त्यांना मनात. शब्द आला नाही.

पडद्यावर एक बटण होतं, 'अतिरिक्त पक्षकार'. तातेरावांनी ते दाबलं. रिकामी ओळ उघडली. त्यांनी स्वतः, एकेक अक्षर शोधत, मयंक असं लिहिलं.

"सर, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाहीये," अक्षता हळूच म्हणाली. "पहिल्याच तारखेला वगळून घेतील. वर तुम्हालाही या कामातून काढतील."

"माहितीय. तक्रारीतही घाल, आणि त्या भजीखाऊला वर बोलाव सहीला."

निरीक्षक आला, तेलकट बोटं रुमालाला पुसत. कुठं करू, म्हणाला, आणि नवं पान न वाचताच सही करून गेला. अक्षताने ते स्कॅन करून चढवलं आणि नेहमीसारखा तळवा पुढे केला. "द्या सर, तुमची सही मारते."

"मी करतो."

तिने तळवा मागे घेतला. दोऱ्यासकट टोकन त्यांनी स्वतः खोचलं. पडद्यावर चौकट आली: पिन टाका.

जन्मसाल टाकलं. चूक. गाडीचा नंबर टाकला... चूक. आणखी चुकलं की टोकन बंद पडतं, एवढं ते ऐकून होते. एवढंच. सही माझी आणि ताबा हिचा — किती वर्षं, कुठल्या कुठल्या कागदांखाली, मी पाहिलं तरी आहे का? अक्षता मागे उभी होती. तिला वाटत असेल, सर विचार करताहेत.

"झाली का सही, साहेब?" साळूबाईने विचारलं.

मागे वळायचं आणि म्हणायचं, अक्षता, माझा पिन काय आहे गं. बस्स, एवढं साधं. तातेरावांनी ते मनात म्हणून पाहिलं, परत म्हणून पाहिलं, आणि दर वेळी माझ्या ओठांवर आलं ते भलतंच... कठे?