धुतल्यावर उमटलेले गुलाब

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा साचा आहे. माझ्या पोटात गुलाब कापलेला आहे. थर्झाबाईंच्या नवऱ्याने मला बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून कापले होते.

इंग्लंडमधल्या आमच्या वेअरडेलच्या खोऱ्यात रजई पांढरीशुभ्रच असायची. थर्झाबाई मला कापडावर ठेवून निळ्या पेन्सिलीने गुलाब काढायच्या आणि त्यावर टाके घालायच्या. रजई धुतली की रेघ जायची, टाके राहायचे. गावभर त्यांचे कौतुक होते. त्यांना त्याचा तोरा होता आणि मलाही.

मग त्यांची सून एव्हरिल शाईच्या पेन्सिली घेऊन आली. त्यांचा रंग कोरडा असताना मळकट दिसतो, पाणी लागले की भडकतो आणि वाळला की जन्मात निघत नाही. तिने माझ्यातून लाल गुलाब रंगवला, तेव्हा थर्झाबाईंनी नाक मुरडले.

"रजई आहे की सर्कशीचा तंबू?"

"आई, जरा रंग आला तर काय बिघडतं?"

"मी मेल्यावर घाल काय तो गोंधळ!"

त्यानंतर नातीच्या लग्नाची रजई त्यांनी हिवाळाभर दार लावून शिवली. लग्नाच्या आठवड्यात ती टबात बुडवली. मी खिडकीत होतो. पाहतो तर काय, पाण्यातून जांभळे गुलाब वर आले! एक नाही, सगळ्या रजईभर! कुठे कुठे रंग ओघळलासुद्धा. मी पत्र्याचा, तरी मला घाम फुटला.

थर्झाबाई मात्र गाणे गुणगुणत चोळतच होत्या.

"आई! अहो, माझी जांभळी पेन्सिल घेतलीत?" एव्हरिल दारातच ओरडली.

"वेडी का तू? माझी निळीच होती."

"हे बघा तरी! तुम्हाला... दिसत नाहीये?"

त्यांचे हात थांबले. "दोन हिवाळे झाले, सगळं धूसरच दिसतं. साच्याच्या कडेला बोट लावून टाके घालते. सांगितलं असतं, तर सुई काढून घेतली असतीस."

मी हादरलोच. ती बोटे माझ्या कडेवर रेंगाळायची, तेव्हा मला ती माया वाटायची.

एव्हरिलने रजई उन्हात वाळवली आणि मला पुन्हा तिच्यावर ठेवले. रंग पसरू नये म्हणून कोरफडीच्या गरात कुंचला बुडवून तिने आपल्या पेन्सिलींच्या रंगाने गुलाब भरले, ओघळांची पाने केली. थर्झाबाई रुसून बसल्या होत्या. मग त्यांनी कापड अगदी नाकाशी धरले.

"अगं, हा माझा गुलाब! दिसतोय मला!" आणि त्या रडू लागल्या.

मित्रांनो, मला वापरल्यावर पुसून ठेवा, नाहीतर मी गंजेन. पण आधी मला धरणाऱ्या माणसाला विचारा, नीट दिसते ना? थर्झाबाईंना कोणीच विचारले नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.