तात्यांचा आवाज

‘उशाशी पुस्तक’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारचा प्रश्न टाकायचं काम बकुळाकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, तिनंच ओढून घेतलं होतं. पानाचा कान दुमडता का? जेवताना वाचता का, आणि पानावर आमटी सांडली तर पुस्तक परत करताना काय सांगता? न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर टाकायला मन धजतं का? असा एक प्रश्न पडला की भिवंडी-कल्याणपासून थेट नाशिकपर्यंतची माणसं दिवसभर त्यावर तुटून पडत. कुणी म्हणे, कान दुमडणाऱ्याचेच कान धरले पाहिजेत. कुणी कबूल करी की आपण शेवट आधी वाचतो आणि मगच पुस्तक घरी आणतो.

ग्रुप चालवायचे तात्या. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, थोरल्या बहिणीबरोबर राहणारे. त्यांचं लिहिणं धारदार आणि नियम कडक. सुप्रभात नको, फुलं नकोत, आणि आवाजी निरोप तर बिलकूल नको. ‘ज्याला वाचता येतं त्याला लिहिताही येतं. त्यानं लिहावं.’ ते भिवंडीतच जुन्या आळीत राहतात एवढं बकुळाला ठाऊक होतं, पण त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. मनातल्या मनात तिनं त्यांना जाड भुवया आणि खणखणीत आवाज देऊन टाकला होता.

बकुळा मानकोलीच्या एका गोदामात बिलिंगला होती. एका सकाळी तिनं टेबलावरची पावती उचलली आणि तिला ती वाचता येईना. चष्मा पुसून पाहिला. मग वाटलं, दक्षिणेकडची गाडी असेल, त्यांच्या लिपीत लिहिलेलं असेल. शेजारच्या मेघालीला तिनं विचारलं, “ही कुठली भाषा गं?”

मेघालीनं आधी पावतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मराठीच आहे, ताई. तुमचंच अक्षर आहे.”

मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची बारीकशी गाठ अडकली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, नजरही जवळजवळ होती तशीच. डॉक्टरांनी कागद पुढे केला नि म्हणाले, काहीही लिहा. तिनं सरसर लिहिलं, ‘मला घरी जायचंय, आई एकटी आहे.’ दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारून झाल्यावर डॉक्टरांनी तोच कागद तिच्यासमोर धरला. “आता वाचा.”

बकुळा बघत राहिली. रेघा होत्या, गाठी होत्या, वरून एक ओळ गेलेली दिसत होती. अक्षर एकही नव्हतं.

“असं होतं कधीकधी,” डॉक्टर म्हणाले. “लिहिणं राहतं, वाचणं जातं. थोडंफार परत येईल. घाई करू नका.”

तिची आई धोंडूबाई मूळची खारबावची. तिनं शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी चहा झाला की बकुळा तिला पुस्तक वाचून दाखवायची आणि म्हातारी मध्येच पात्रांना शिव्या घालायची. झाला प्रकार ऐकून ती म्हणाली, “मंग? मी तं जल्माची अशीच हाय. मेले का?”

बकुळाला हसू आलं. त्या हसण्याचंच रडू झालं. “आये, तुझ्याकडं कधी नव्हतंच. माझं होतं ते गेलं.”

“ते पण खरं हाय,” धोंडूबाई म्हणाली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

ग्रुपवर बकुळानं काहीच सांगितलं नाही. वाचणाऱ्यांच्या मेळ्यात आपल्याला वाचता येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार? तिची लेक धम्मदिना इस्पितळात नर्स होती. तिनं फोनवर बोटानं लिहायची सोय करून दिली. बोट फिरवलं की अक्षरं आपोआप उमटत. उमटली ती बरोबर की चूक, ते मात्र बकुळाला कळत नसे. फोनला बोलायला लावून पाहिलं, तर तो रेल्वेच्या घोषणेसारखा एकसुरी वाचत सुटे आणि मधली जोडाक्षरं गिळून टाकी. दोन दिवसांत तिनं ते बंद करून टाकलं. मग धम्मदिना ड्युटीवरून आली की आईला दिवसभराची उत्तरं वाचून दाखवी, आणि बकुळा त्यांना बोटानं उत्तर लिही. महिनाभर कुणाला काही कळलं नाही.

त्या रविवारचा प्रश्न होता, ‘तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं पुस्तक कोणतं, आणि ते कुणाचं?’ धम्मदिनाला डबल शिफ्ट लागली होती. दुपारी फोन वाजला. तात्यांचा कंदिलाचा फोटो बकुळाला ओळखता येई. खाली चारपाच ओळी होत्या. तात्यांनी उत्तर दिलंय म्हणजे नक्कीच काहीतरी फर्मास असणार, धीर धरवेना. तिनं बोट फिरवलं, ‘एक नंबर तात्या! हे पुस्तक आम्हाला कधी देताय?’ आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला.

फोन वाजायला लागला तो थांबेचना. बकुळाला वाटलं, चर्चा रंगली. ती खुशीत भाजी निवडत बसली.

संध्याकाळी धम्मदिनानं फोन हातात घेतला आणि ती उभ्याची खालीच बसली.

“आई, तू काय लिहिलंस हे?”

“का? काय झालं?”

धम्मदिनानं तात्यांचं उत्तर वाचलं. ‘सर्वांत जुनं पुस्तक अक्काचं. शाळेत पहिली आली म्हणून बक्षीस मिळालेलं. अक्का काल पहाटे गेली. पुस्तक माझ्यासमोर आहे, उघडवत नाही.’ त्याखाली बकुळाचं हसू. आणि त्याखाली लोकांनी बकुळाचं काय काय केलं होतं, ते वाचताना पोरीचा आवाज बारीक होत गेला. कुणी लाज काढली होती, कुणी तिला ग्रुपमधून काढायला सांगितलं होतं. तात्यांनी पुढे एक अक्षर लिहिलं नव्हतं.

“मी सांगते सगळ्यांना,” धम्मदिना म्हणाली. “मी लिहिते.”

“नको. आण इकडं.” बकुळानं माईकचं बटण विचारलं, बोट ठेवलं आणि ग्रुपच्या जन्मातला पहिला आवाजी निरोप पाठवला.

“तात्या, मी बकुळा. मला वाचता येत नाही. सव्वा महिना झाला, मेंदूत गाठ अडकली होती. लिहिता येतं, वाचता येत नाही. अक्का गेल्याचं मला आत्ता माझ्या लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तुम्ही मला काढलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पण मी अक्कांवर हसले नाही, एवढं तुमच्यापर्यंत पोचावं.”

ज्यांनी लाज काढली होती त्यांनी आपापलं लिहिलेलं पुसून टाकलं. माफ्या आल्या, त्याही लेखी, धम्मदिनानं वाचाव्या अशा. तात्यांचं काहीच नाही. दुसरा दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंदिलाच्या फोटोखाली अक्षरांऐवजी एक लांबलचक रेघ आली. बकुळानं ती दाबली.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, “ब... ब... बकुळाताई.” मग बराच वेळ काही नाही. मागे कुठेतरी कापडाचे लूम चालू होते, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता. “मी... त... त... तात्या ब... बोलतोय.”

खणखणीत आवाज कुठला! पातळ, कापरा आवाज, आणि प्रत्येक शब्दाच्या उंबऱ्यावर ठेच. पुढचं थोडंसं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. लहानपणापासून असंच आहे, ते सांगत होते. शाळेत मुलं हसायची. कचेरीत फोन वाजला की अंगाला घाम फुटायचा. अक्का सोडली तर कुणाशी मोकळं बोलता आलं नाही. लिहिताना मात्र जीभ आडवी येत नाही. म्हणून तो नियम केला. आता अक्का नाही, आणि तुम्हाला लिहून उपयोग नाही. तेव्हा बोलतो.

बकुळाच्या डोळ्यांना धार लागली. धोंडूबाई कोपऱ्यातून ऐकत होती. ती म्हणाली, “बरा मानूस हाय. घाई न्हाय त्याला. पुन्ना लाव.”

त्या दिवसापासून ग्रुपवर आवाज यायला लागले. एवढे दिवस नुसती नावं होती, त्यांना घसे फुटले. जिला बकुळा कॉलेजातली पोर समजत होती ती रुचिरा साठीची निघाली. नाशिकच्या सोमांच्या आवाजामागे सतत कुकरच्या शिट्ट्या होत्या. श्राव्य पुस्तक ऐकणं म्हणजे वाचणं की नाही, यावर एक रविवार जोराचं भांडण झालं. तात्यांनी अडखळत, पण ठाम सांगितलं, “ऐ... ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं. म... माझं मत तेच आहे.” बकुळालाही तसंच वाटत होतं. तिला ऐकायला मिळत होतं, पण भूक वाचायचीच होती.

तात्यांनी अक्काचं पुस्तक उघडलं. एका होडीवाल्याच्या गावातली जुनी कादंबरी. रोज दुपारी ते एक पान वाचून पाठवत आणि त्या पानाचा मोठा करून काढलेला फोटोही. बकुळाला उपचाराला जिथं पाठवलं होतं तिथल्या बाईंनी तिला शिकवलं होतं की डोळ्यांना ओळखू येत नाही ते बोटाला येतं. अक्षर गिरवा, हात सांगेल. तात्यांचा आवाज एखाद्या शब्दापाशी अडला की बकुळाचं बोट फोटोत बघून मांडीवर तोच शब्द गिरवत असे. कधी ते आधी पोचत, कधी ती. दिवाळीच्या सुमारास तिनं पहिल्यांदा तात्यांच्या आधी एक अख्खं वाक्य पुरं केलं आणि पोळ्या लाटणाऱ्या धम्मदिनाला ओढत आणून ऐकवलं. गोदामात बिलिंग पुन्हा जमलं नाही. गाड्यांच्या ड्रायव्हरांशी फोनवर बोलायचं काम मिळालं. त्यात ती अजून रुळलेली नाही, पण जाते.

कादंबरी संपली त्या रविवारी बकुळानं आईला घेतलं आणि धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा करून दोघी तात्यांच्या घरी गेल्या. दारात बारीक अंगाचे, पांढऱ्या सदऱ्यातले तात्या उभे होते. भुवया अगदीच विरळ.

धोंडूबाई ओट्यापाशी थांबली. “या आळीत पूर्वी भाजी घेऊन यायचे मी. इथवर. आत कधी आले न्हाय.”

तात्यांचे ओठ हलले, शब्द निघेना. त्यांनी खाली उतरून म्हातारीचा हात धरला, तिला आत नेलं आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं.

चहा होईपर्यंत धोंडूबाईला दम निघाला नाही. “गोष्टीतल्या त्या बाईनं चुकी केली,” ती म्हणाली. “पळून गेलेल्या नवऱ्याची वाट बघत वीस वर्सं काढायची? होडीवाला काय वाईट व्हता?”

“त... तसं नाही,” तात्या कप खाली ठेवत म्हणाले. “ति... तिला...”

“आये, ती वाट बघत नव्हतीच,” बकुळा मध्ये पडली. “ती त्याच्याशिवाय सुखात होती, तेच लिहिलंय.”

“कुठं लिवलंय?”

बकुळानं टेबलावरचं पुस्तक ओढलं, पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तात्या हात हलवून नाही नाही करत होते. त्यांचं मत दोघींहून वेगळं होतं आणि ते घशाशी येऊन अडकलं होतं.

“दम खावा,” धोंडूबाई त्यांना म्हणाली. “आमी बसलोय.”