सात पाण्यांचा गहू

ग्रामसेवक तेजराम विज्ञानकथा लिहितो हे पंचायत समितीत कळलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. अड्याळच्या आसपासची अकरा गावं सायकलवर फिरणारा, कंपोस्टचे खड्डे मोजणारा माणूस खोलीवर येऊन सन एकवीसशे चाळीसमधल्या माणसांची काळजी करतो, यात हसण्यासारखं होतंच. तरी पाच वर्षं त्याने नेमाने लिहिलं. दौरा संपला की चारच्या सुमारास खोलीचं दार लोटायचं, जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर कच्चं लिहायचं, मग रेघांच्या कागदावर पक्कं करून पुण्याच्या मासिकाला पाठवायचं. सोबत परतीची तिकिटं लावलेला लिफाफा. तो लिफाफा परत यायचाच. पोस्टमन मारोतराव लांबूनच तो हलवून दाखवायचा, म्हणजे उगाच आशा नको. अशा सतरा कथा परत आल्या.

अठरावी आली नाही. तिच्याऐवजी संपादकांचं पत्र आलं.

कथा अशी होती: पृथ्वीवर राख पसरली आहे, माणसं जमिनीखालच्या एका गावात राहतात आणि खायचं धान्य संपलं आहे. उरला आहे तो फक्त पेरणीसाठी ठेवलेला, औषध चोळलेला लाल गहू. एक म्हातारा तो खातो आणि मरतो. बाकीचे उपाशी राहून तोच गहू पेरतात. तेजरामला हे नोकरीतूनच सुचलं होतं. दर रब्बीला तो असाच गहू वाटायचा. त्याला पाऱ्याचं औषध चोळलेलं असायचं, आणि कोणी खाऊ नये म्हणून लाल रंग दिलेला असायचा. प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की धुतल्याने रंग जातो, विष जात नाही, ते दाण्यात मुरतं.

संपादकांनी लिहिलं होतं, कल्पना उत्तम आहे, पण दिवाळी अंक लोक फराळ करता करता वाचतात. म्हाताऱ्याला मारू नका. शेवट आशादायी करा, कथा घेतो.

चार दिवस तेजरामला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्याने म्हाताऱ्याला वाचवलं. आता कथेतली माणसं गहू राखेच्या पाण्याने धुऊ लागली, एकदा नाही, सात पाण्यांनी. मग पायाला दोरी बांधलेल्या एका कोंबडीला तो घालून पाहू लागली. कोंबडी जगली. तेव्हा म्हातारा म्हणाला, माझं वय झालं, आधी मी खाणार. एकवीस दिवस मला काही झालं नाही तर लेकरांना द्या. एकविसाव्या दिवशी म्हातारा उठून नांगर धरतो आणि कथा संपते. हे खोटं आहे हे लिहिताना तेजरामला पक्कं ठाऊक होतं. पण पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी ‘घेतो’ म्हटलं होतं, आणि छापून येण्यासाठी त्याचा जीव नुसता कासावीस झाला होता.

अंक आला. भाऊबिजेनंतर अड्याळला मंडई भरली, दर वर्षीची जत्राच ती. दंडारीच्या नाटकाचा पडदा बांधून व्हायला अवकाश होता, म्हणून सरपंच कृष्णरावांनी तेजरामला मंचावर बोलावलं. आसपासच्या गावांची तीनशे माणसं मांडी घालून बसली होती. त्याने सगळी कथा वाचली. म्हातारा पहिला घास घेतो तिथे बायांनी पदर डोळ्यांना लावले. वाचून झाल्यावर मागून कोणी तरी विचारलं, “हे खरं हाय का जी, का अशीच गंमत?”

आपल्या लिहिण्याला कोणी गंमत म्हटलं की तेजरामचं डोकं फिरायचं. त्याने अंक उंच धरला आणि म्हणाला, “यातला शब्द न शब्द शास्त्राले धरून आहे.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात तो दोन दिवस जमिनीवर नव्हता.

ते साल एकोणऐंशीचं. पावसाने ऐन वेळी पाठ फिरवली होती, धान शेतातल्या बांध्यांमध्येच करपलं होतं आणि तलाव आटून तळाची माती उघडी पडली होती. त्या ओलसर तळात तरी गहू निघेल म्हणून सरकारने बियाणं पाठवलं. तेजरामने ते अकराही गावांत वाटलं. दर वर्षीप्रमाणे सांगितलं, खायचा नाही. लोकांनी दर वर्षीप्रमाणे माना हलवल्या. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनेच लाल मिलो ज्वारी खायला दिली होती आणि ती खाऊन कोणी मेलं नव्हतं, हे कोणीच विसरलं नव्हतं. पण तेजरामच्या हे ध्यानात आलं नाही. त्याच्या डोक्यात पुढची कथा होती. संपादकांनी आता आपणहून मागितली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बोरटोलीला पेरणी पाहायला गेला. पिशवीत नव्या कथेची नऊ पानं होती, वाटेत झाडाखाली बसून पुढचं लिहायचा बेत होता. तलावाच्या तळात शेतकरी कवडूची पट्टी त्याने लांबूनच ओळखली. अर्ध्यात गव्हाची हिरवी रेघ उठली होती, अर्धी जमीन तशीच पडून होती. बियाणं विकलं की काय, असं मनाशी म्हणत तो कवडूच्या घराकडे वळला. मनात थोडा रागच होता.

अंगणात पाय टाकला आणि तो थबकला. दारापाशी एक पांढरी कोंबडी दाणे टिपत होती. तिच्या पायाला लाल दोरी बांधलेली होती.

कोंबडीच्या पायाला दोरी कोणीही बांधतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण चुलीच्या राखेची टोपली ओट्यावर होती, ओळीने मडकी मांडली होती, आणि गोधडीवर गहू वाळत घातला होता. धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडाला होता. तेजरामने मडकी मोजली. सात होती.

“या जी साहेब, बसा,” कवडू घरातून बाहेर येत म्हणाला. चाळिशीचा, हडकुळा, चेहऱ्यावर थोडं ओशाळं हसू. “अर्धाच पेरला जी. रागावू नका. घरात दाणा नाही, तं अर्धा खायले ठेवला. पण तुम्ही सांगतलं तसंच केलं.”

“मी काय सांगतलं?”

“मंडईत वाचलं नाही का जी? राखेचं पाणी, सात डाव. कोंबडीले महिना होऊन राहिला, मस्त फिरते.”

“कोणी खाल्ला?” तेजरामने विचारलं.

“आम्ही नाही खाल्ला अजून.” हे कवडूची बायको रुखमिणी दारातून म्हणाली. “लेकराईले तं हातही लावू देत नाही मी. पहिले म्हातारं माणूस खाते ना जी? माय खाऊन राहिली. आज एकोणीस दिवस झाले. परवा एकवीस होतीन, मंग सगळ्याईच्या पोळ्या करीन.”

घरात खाटेवर कवडूची आई गोदावरीबाई बसली होती. पासष्टीची, ताठ कण्याची. साहेब आले म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतला, पण पदराचं टोक तिला पहिल्या झटक्यात सापडलं नाही. तेजराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

“कसं वाटते, माय?”

“मले काय होते? पोटभर खातो जी. बाकीचे उपाशी आन् मी पोळ्या खातो, लाज वाटते.” ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बोटाईले मुंग्या येऊन राहिल्या. ओठाले पण. म्हातारपण हाय. सुनेले नका सांगू, उगाच घाबरीन.”

रुखमिणीने पाण्याचा गडवा तिच्या उजव्या बाजूला धरला होता. गोदावरीबाईला तो दिसलाच नाही. “इकडे, माय,” रुखमिणी म्हणाली, तेव्हा तिने मान पूर्ण वळवली आणि हात पुढे केला. हात गडव्याच्या बाजूने गेला, हवेतच मिटला, पुन्हा पुढे आला.

“कडेकडेचं नाही दिसत,” ती म्हणाली. “समोरचं दिसते.”

तेजराम इतका घाबरला की क्षणभर त्याला वाटलं, सायकल उचलावी आणि निघून जावं, भंडारा, नागपूर, कुठेही. मग तो उठला आणि कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याला त्याने झाकण घातलं. “हा गहू कोणी खायचा नाही. यात विष आहे. धुतल्यानं जात नाही.”

कवडूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “साहेब, तपासणी येऊन राहिली का?”

“नाही.”

“मंग असं काहून म्हणता? बियाणं खाल्लं म्हणून तुमच्या नौकरीवर येऊन राहिलं असंन, तं तसं सांगा. आम्ही सांगू, सगळं पेरलं म्हणून. पण खोटं नका बोलू जी. कोंबडी जिवंत हाय, डोळ्यासमोर हाय.”

“कोंबडीलेही होईन. वेळ लागते.”

“तुम्ही तं म्हणाले होते, शब्द न शब्द खरा हाय.”

आतापर्यंत जे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं, ते तेजरामने त्या घरात उभ्याने सांगितलं. “मी खोटं लिहिलं, कवडूभाऊ. मले माहीत होतं, आन् तरी लिहिलं. पहिल्यांदा लिहिली तेव्हा गोष्टीतला म्हातारा मरत होता. पुण्याहून कळवलं, त्याले जगवा, तरच छापतो. म्हणून मी ते राखेचं पाणी घातलं, कोंबडी घातली, सगळं मनानं घातलं. मंडईत टाळ्या वाजल्या म्हणून शास्त्र शास्त्र करत बसलो.”

कवडूने त्याच्याकडे पाहिलं ते असं, की मारलं असतं तर तेजरामला बरं वाटलं असतं. गोदावरीबाई मात्र शांतच होती. तिने विचारलं, “पहिल्या गोष्टीत तो म्हातारा कितव्या दिवशी मरत होता जी?”

“तो आकडाही मी मनानंच टाकला होता, माय. मले खरंच माहीत नाही.”

दुपारी बैलगाडीने अड्याळ आणि तिथून एसटीने भंडारा. कवडू आईला टेकवून बसला होता आणि सबंध वाट तेजरामशी एक अक्षर बोलला नाही. बसमध्ये गोदावरीबाई बोटं चोळत राहिली. एकदा तिने विचारलं, उन्हं गेली का? उन्हं गेली नव्हती. खिडकीतून ऊन तिच्या गालावर पडलं होतं. तेजरामने मान दुसरीकडे केली.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी गहू तळहातावर घेऊन पाहिला, गोदावरीबाईच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, तिला सरळ रेषेत चालायला सांगितलं. ती चार पावलं चालली आणि भिंतीवर गेली. डॉक्टरांनी तेजरामला बाजूला घेतलं. “असं मी फक्त पुस्तकात वाचलंय. नागपूरला फोन करतो. तोपर्यंत सगळं लिहून द्या. कोणता गहू, कधीपासून, रोज किती. अंदाजे नको, विचारून लिहा.”

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तेजरामने पिशवीतून कागद काढले. कोरा एकही नव्हता. नव्या कथेची नऊ पानं उलटी करून त्याने पाठीवर लिहायला घेतलं. गोदावरीबाई, वय पासष्ट, मुक्काम बोरटोली. रोज दोन पोळ्या, एकोणीस दिवस. प्रत्येक गोष्ट तो विचारत होता आणि ती आठवून आठवून सांगत होती.

“लिहून झालं का?” तिने विचारलं.

“होत आलं, माय.”

“मंग शेवटी लिहा, म्हातारीनं खाल्ला, बाकी कोणी खाल्ला नाही. एवढं नक्की लिहा. तेच्यासाठीच खाल्ला मी.”

तेजरामने पेन टेकवलं. ‘म्हातारीने खाल्ला’ इतकं लिहून झालं आणि हात थांबला. कवडूच्या घरापुरतं ते खरं होतं. पण मंडईत तीनशे माणसं होती. गहू अकरा गावांत गेला होता, त्याच्याच हाताने. त्याने पुढची ओळ मोकळी ठेवली, कागद डॉक्टरांना दिला आणि शेवटची एसटी पकडून अड्याळला परतला.

सकाळी दव पडलेलं असतानाच तो सायकलवर निघाला. बियाणं वाटपाच्या यादीतलं पहिलं गाव बोरटोलीच्या पलीकडचं. वेशीजवळच्या पहिल्याच अंगणात एक बाई सडा टाकत होती. शकुनबाई, बियाणं देताना तिचा अंगठा गेल्या महिन्यात त्यानेच घेतला होता. तिने हसून बादली खाली ठेवली. “या जी साहेब, बसा.”

तिच्यामागे गोधडीवर रंग उडालेला गहू पसरलेला होता. बाजूला एक तांबडी कोंबडी पाय झटकत फिरत होती, आणि दोरीचं टोक तिच्यामागून मातीत ओढलं जात होतं.

तेजरामने सायकल भिंतीला टेकवली.

“घरात म्हातारं कोण आहे?” त्याने विचारलं.