जुलैतलं सोंग

पैज लागली ती गारलंड रोजच्या दुकानासमोरच्या बाकावर, आणि लागली कशावरून, तर हेडली डॉलिमाउंट तोंड उघडेल की नाही यावरून.

कॉड मासा धरायची बंदी येऊन दोन वर्षं झाली होती. होड्या धक्क्यावर उपड्या पडलेल्या, आणि हॅरोज बे गावातले मासे धरणारे बापे सकाळपासून बाकावर माशा मारत बसलेले. अशा माणसांना पैजेला काहीही चालतं. मागच्या आठवड्यात पाद्र्याचा कुत्रा कुठल्या खांबाशी पाय वर करतो, यावर लागली होती. या आठवड्यात केबलवाली पोरगी आली.

तिचं नाव रोवेना. दर गुरुवारी गावच्या केबलवर तिचा कार्यक्रम लागायचा. आता तिला टिकल बेटावर फिल्म करायची होती. सत्तावीस वर्षांपूर्वी सरकारने ते बेट रिकामं करून वीसच्या वीस घरं इथे किनाऱ्यावर आणून बसवली, त्याची गोष्ट. जो तो कॅमेऱ्यासमोर भडाभडा बोलून आला. राहिला एकटा हेडली. पंचाहत्तरीचा, एकेकाळचा होडीचा कप्तान, बायको गेलेली, आणि बेटाचं नाव काढलं की उठून चालू लागणारा.

"बोलेल बघ," गारलंड म्हणाला. "पोरीची जीभ गोड आहे."

"दहा शब्द बोलला तर नाव बदलेन," सेल्बी कीपिंग म्हणाला.

सेल्बी म्हणजे गावातला सर्वांत वांड माणूस. अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी शेजाऱ्याच्या बुटात जेली ओतायची खोड गेली नव्हती.

"नाव नको बदलूस, त्याचं काय लोणचं घालू?" गारलंड म्हणाला. "हरलास तर फिल्म दाखवतील त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सोंग घेऊन नाचायचं. तुझं ते जुनं सोंग. कुबडवालं."

"जुलैत? सोंगं नाताळात निघतात रे."

"म्हणून तर मजा. बेट सोडल्यापासून एकदा तरी सोंग घेतलंस का? विचारलं की गुडघा दाखवतोस."

बाक खदाखदा हसला. सेल्बीही हसला. आता नाही म्हणावं, तर का नाही म्हणतोस ते सांगावं लागणार.

"लागली," तो म्हणाला.

बेटावर नाताळचे बारा दिवस सोंगं फिरायची. तोंडावर उशीचा अभ्रा, अंगावर बायकोचा झगा, निम्म्यांच्या पाठीला कुबड, आणि आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. सोंग दारात येऊन विचारायचं, "सोंगाला आत घ्याल का?" घरच्यांनी नाव ओळखलं की अभ्रा वर करायचा, मग रम आणि केक. नाही ओळखलं तर तोंड झाकलेलंच ठेवून पुढच्या घरी.

शेवटच्या नाताळात सेल्बी हेडलीच्या घरी गेला होता. बायकोचा, उनाचा झगा, पाठीला जाळ्याच्या तरंगाचं, त्या लाकडी गोळ्याचं कुबड, आणि त्या रात्रीपुरती नवी युक्ती, डावा बूट उजव्या पायात. आणि खिशात सरकारी कागद. वीसपैकी अठरा घरांनी सह्या केल्या तरच सरकार पैसे देऊन हलवणार होतं. सतरा झाल्या होत्या. हेडली म्हणायचा, मी मेलो तरी हलणार नाही. सेल्बीची उना पोटुशी होती, बेटावर डॉक्टर नव्हता. अर्धी चेष्टा, अर्धा डाव. सोंगाने कागद पुढे केला आणि हेडलीने हसत हसत सही ठोकली. सोंगाच्या कागदाला कोण विचारतं?

सकाळी फाडून टाकू, असं सेल्बीने ठरवलं होतं. सकाळी उना उलट्या करत बसली होती. त्याने कागद नेऊन गुपचूप पाद्र्याच्या दाराखालून सरकवला.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी हेडलीकडे पत्ते खेळायला जायचा. छप्पर गळलं तर शाकारून द्यायचा, हिवाळ्यात लाकडं फोडून द्यायचा. लोक म्हणायचे, वांड आहे, पण शेजारधर्म पाळावा तर सेल्बीने.

पैज लागल्यावर तो गप्प बसणार थोडाच. दुसऱ्याच दिवशी त्याने रोवेनाला गाठून सांगितलं, की म्हातारा ठार बहिरा आहे. पोरगी हेडलीच्या फाटकात उभी राहून बोंबलली, "डॉलिमाउंटकाका, नमस्कार."

"का गं ओरडतेस?" हेडली म्हणाला. "मेलोय का मी?"

मग सेल्बी हेडलीकडे गेला. "कप्तान, ती तुमच्या तोंडाला पावडर फासणार. ओठांना लाली."

"फासू दे."

"पत्ते पिसू का?"

"आज नको. दाढी करायची आहे."

हेडलीने दाढी केली, लग्नातला कोट चढवला. कॅमेरा आत गेला आणि दार बंद झालं. सेल्बी कुंपणावर बसून राहिला. पिंपभर मासे खारवायला लागावा एवढा वेळ गेला, असं वाटलं त्याला. रोवेना बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"दहा शब्द तरी बोलला का?" सेल्बीने विचारलं.

"पन्नास मिनिटं," ती म्हणाली. "मी फक्त त्यांच्या मुलीचं नाव विचारलं."

गारलंडने सगळ्या गावभर दवंडी पिटली.

फिल्म दाखवली रविवारी दुपारी. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. सेल्बी शेवटच्या रांगेत, मांडीवर सोंगाची पिशवी. हेडली पहिल्या रांगेत, कोट घालून. घरं पिंपांवर तरंगत आणलेली, तशी जुनी चित्रं आली. लोक आपापलं घर ओळखून एकमेकांना ढोसत होते. मग पडद्यावर हेडली आला.

"पर्ल," तो म्हणाला. "सहा वर्षांची. तापाने गेली. टेकडीवर पुरली तिला. खिडकीतून दिसायची जागा. म्हणून मी सही करत नव्हतो. माझी बायको ड्रुसिला दोन वर्षं हसली नव्हती. नाताळात एक सोंग आलं. कुबडं. बूट उलटे. चुलीपुढे असं नाचलं, की ड्रुसिला हसली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, हा आता घर मागेल तर घर देईन. त्याने कागद पुढे केला. मी सही केली."

सेल्बीने मांडीवरची पिशवी खुर्चीखाली सरकवली; पडद्यावर हेडली बोलतच होता.

"घर आलं इकडे. ड्रुसिला काही आली नाही. बसायची पाण्याकडे तोंड करून. तीन वर्षांत गेली. त्या सोंगाला मी ओळखलं नव्हतं. ते एक ओळखायचं राहिलंय."

घोंगड्या काढल्या. लख्ख ऊन आत आलं. गारलंड नाक पुसत होता, पण दुकानदार तो, गर्दीचा मूड सांभाळणं त्याच्या रक्तात. तो उभा राहून म्हणाला, "चला, आता जरा हसू या. सेल्बी पैज हरलाय."

सेल्बी मागच्या खोलीत गेला. झगा चढवला, अभ्रा ओढला, तरंग बांधला. बूट हातात घेऊन बसला. सरळ घातले तर? कुबड सोडून टाकलं, कोंबडीसारख्या चार उड्या मारल्या, तर कुणाला काय कळणार? गारलंड म्हणेल हे नव्हे ते, आणि विषय संपेल. उद्या संध्याकाळी पत्ते.

त्याने डावा बूट उजव्या पायात घातला.

तो दारात आला तसे मागचे हसले. तो लंगडत मधे आला, टाच तीनदा आपटली, गिरकी घेतली, कुबड हलवलं. हसणं एकेका रांगेतून विझत गेलं, पुढून मागे. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. गारलंडचं तोंड उघडं ते उघडंच.

सेल्बी हेडलीपुढे थांबला. खिशातून कार्यक्रमाचा घडी घातलेला कागद काढून पुढे धरला. श्वास आत ओढला.

"सोंगाला आत घ्याल का?"

हेडलीने आधी बूट पाहिले. मग कागद. मग अभ्र्याच्या दोन भोकांत बघत राहिला, पत्त्याचं पान टाकायच्या आधी बघायचा तसा.

सेल्बीचा हात अभ्र्याच्या कडेला गेला.

"राहू दे," हेडली म्हणाला. "ओळखल्याशिवाय काढायचं नसतं."

"कप्तान," सेल्बी आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला.

"मी नाही ओळखत ह्याला," हेडली म्हणाला, आणि टोपी घालून मांडीवरची धूळ झटकली.

टेबलावर केक कापून ठेवला होता, रमची बाटली फोडलेली होती. न ओळखलेल्या सोंगाला त्यातलं काही मिळत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. सेल्बीने कागद खिशात घातला. हात खाली केला. लोकांनी वाट दिली.

बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. सगळा गाव हॉलच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला आणि बघत राहिला. सेल्बी झग्यात, कुबड घेऊन, तोंड झाकून रस्त्याच्या मधोमध घराकडे निघाला. उलटे बूट चावत होते. हेडलीच्या फाटकापाशी सवयीने पाय वळला, तसा त्याने तो ओढून घेतला आणि पुढे गेला.