जावयाचं दार

"तापाची गोळी मागायला गेलो की दवाखाना म्हणतो, संपली. आणि हे पोलिओचे थेंब मात्र फुकट, वर घरपोच! माझ्या पोरांचा एवढा पुळका कुणाला आणि कशापायी?" खाटीक आपलं दार अडवून विचारत होता.

प्रश्नात खोट नव्हती, म्हणून तानिमू असल्या वादात कधी पडत नसे. हातपेडलच्या तीनचाकीवर बसल्या बसल्याच त्याने विजार गुडघ्यांवर ओढली आणि पाय दाखवले. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे.

"हे मलाही फुकटच मिळाले," तो म्हणाला. "घरपोच."

खाटीक हसला, आणि एकदा हसल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. तानिमूच्या जोडीला फिरणारी असाबे थेंबांची पेटी घेऊन आत गेली. परक्या अंगणात पुरुषाला मज्जाव. तेव्हा दारात बोलायचं तानिमूने आणि आत जाऊन पाजायचं असाबेने, अशी त्यांची वाटणी होती. कानो शहराच्या त्या जुन्या वस्तीत तानिमूच्या पायांनी जेवढी दारं उघडली, तेवढी कुणाच्या चालत्या पायांनी उघडली नसतील. एरवी तो लुळ्यापांगळ्यांसाठी तीनचाक्या जोडायचा. आपलंच गिऱ्हाईक बुडवत फिरणारा कारागीर म्हणून गल्ली त्याची थट्टा करी. "बुडू दे की," तो म्हणे, "मी हातगाड्या बनवीन."

पुढचं दार लव्वालीचं, म्हणजे त्याच्या जावयाचं. तिथे तानिमूने गाडी कोपऱ्यावरच थांबवली आणि तोंड फिरवलं. सासऱ्याने जावयाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, ही रीत. ज्याला टाकायला पाऊल नव्हतं, तोही ती पाळत होता.

असाबे लगेच परतली. "बाळ झोपलंय म्हणे."

"आणि मागच्या फेरीला?"

"तेव्हा आजोळी गेलं होतं."

"अगं, त्याचं आजोळ म्हणजे माझंच घर ना?"

"तेच म्हटलं मी. तर लव्वालीची आई म्हणते, मग दुसऱ्या आजोळी गेलं असेल."

तानिमूने हँडलवरची धूळ उगाच पुसली. "देलू काही बोलली नाही?"

"काय बोलणार तुझी लेक? पहिलं पोर. खाली मान घालून बसली होती, जसं काही शेजारणीचंच आहे."

पहिल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नाही, वडीलधाऱ्यांसमोर त्याला कवटाळायचं नाही. त्याच्यासाठी सासूशी भांडणं तर दूरच. लाज असलेली बाई ती हीच. देलूला हे तानिमूने स्वतः शिकवलं होतं. त्याला क्षणभर बरंही वाटलं. लेक घराण्याचं नाव राखून होती.

"तूच जा ना दादा," असाबे म्हणाली. "अख्ख्या वस्तीला पाय दाखवत फिरतोस."

"लोक काय म्हणतील? म्हातारा जावयाच्या दारात लोळण घेतो म्हणतील."

"म्हणू देत."

"पुढच्या फेरीला बघू."

पुढच्या फेरीच्या आधी ताप आला.

ताप उतरला, पण बाळाचा डावा पाय ठेवला तिथेच राहू लागला. असाबे हे सांगत आली तेव्हा तानिमू एका चाकाला आरे बसवत होता. त्याने पाना खाली ठेवला आणि गाडी हाणली. कोपऱ्यावर थांबवली नाही. ती दारातून आत जाईना, तसा तो उतरला आणि हातांवर सरपटत अंगणात गेला.

सासऱ्याला बघून लव्वाली गडबडून खाली बसला, नजर जमिनीत. त्याच्या आईने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं. देलू धान्याच्या कणगीआड पाठ करून बसली होती. बाळ चटईवर एकटंच, कुणाचंच नसल्यासारखं.

तानिमूने तो पाय उचलला आणि सोडला. पुन्हा उचलला नाही.

"आता पाजले ते थेंब, तर?" लव्वालीच्या आईने विचारलं.

"पाजा. पुढे पोरं होतील, त्यांनाही पाजा. पण ह्या पायाला आता त्याचा उपयोग नाही."

"तुम्ही एकदा येऊन सांगितलं असतंत," लव्वाली जमिनीशीच पुटपुटला, "तर तुमचं ऐकलं असतं, बाबा."



बाळ रडायला लागलं. देलूचे खांदे हलले, पण ती उठली नाही.

"देलू, घे गं त्याला."

ती जागची हलली नाही. अंगणात बाप, नवरा, सासू. सगळे बघत होते.

तानिमूने तळहात मातीत रोवले आणि अंगाचा भार फिरवत भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने लव्वालीनेही केलं. मग त्याच्या आईनेही, काहीतरी पुटपुटत. तिघं मातीच्या भिंतीसमोर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी बसून राहिली. मागे चटई वाजली. मग बाळाचं नाव ऐकू आलं. आधी दबक्या आवाजात, मग मोठ्याने, मग पुन्हा पुन्हा.

कुणीही वळून पाहिलं नाही.