बराझावर बसलेला निळा पाहुणा

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. जुनी आहे आणि भित्रीही आहे, हे आधीच सांगून टाकते. मोम्बासाच्या जुन्या शहरात, शेकुवेंच्या घराच्या मागच्या ओसरीत, कोळशाच्या शेगडीपासून जरा बाजूला माझी जागा आहे. माझ्या तळाला वाळू नाही, प्रवाळ नाही. लपायला नळाचा एक वाकडा तुकडा आणि बुडबुडे सोडणारी एक नळी, एवढाच माझा संसार.

एका दुकानाची दर्शनी काच फुटली, तिच्या उरलेल्या तुकड्यांतून मला जोडलं. जोडणारा म्हणाला होता, "हिला मागंच ठेवा, पुढं शोभायची नाही." ते बोलणं मला अजून लागतं. पण माझं काम मागचंच होतं. नवा समुद्री मासा विकत आणला की तो आधी माझ्याकडं येतो. शेकुवे बंदरात नोकरीला आहेत. मासा घ्यायला ते शिमोनी गावी, समुद्रात बुडी मारून मासे पकडणाऱ्यांकडं जातात आणि घेताना त्याला नीट निरखतात. डोळे स्वच्छ हवेत, पर फाटलेले नकोत, पोट खपाटीला गेलेलं नको, कल्ले धापा टाकल्यासारखे हलायला नकोत. समोर टाकलेलं खाताना पाहिल्याशिवाय ते मासा घेत नाहीत. एवढं करूनही तो पुरा महिना माझ्यात एकटा राहतो. माझी जाळी वेगळी, बादली वेगळी. कारण रोग आधी दिसत नाही, मित्रांनो. तो पाहुण्याच्या अंगाला चिकटून गुपचूप घरात शिरतो. म्हणून नवा मासा आला की माझ्या काचेला कापरं भरतं.

बैठकीतल्या मोठ्या टाकीत चुंग्वा राहतो. चुंग्वा म्हणजे संत्रं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा म्हातारा मासा शेकुवेंच्या बायकोनं, झुवेनाबाईंनी, लहानाचा मोठा केला. मग त्या मस्कतला नोकरीला गेल्या. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो आणि आधी चुंग्वाला बघायचं असतं. त्यांची लेक टीमा फुरंगटून म्हणते, "आई, मी पण आहे हं घरात!" या ईदला त्या येणार होत्या. चुंग्वाला काही होऊ नये, एवढंच सगळ्या घराला वाटत होतं.

ईदच्या काही आठवडे आधी शेकुवेंनी एक निळा मासा आणला. पाठीवर पिवळी रेघ, देखणा म्हणावा तर तोच! तपासणीत तो पास झाला होता. पण दोनच दिवसांत तो नळाच्या तुकड्यावर अंग घासायला लागला. रोगाची पहिली खूण हीच असते. मग त्याच्या निळ्या अंगावर पांढरे ठिपके उठले, कुणी मीठ भुरभुरावं तसे. शेकुवेंनी माझ्या पाण्यात मापानं औषध घातलं आणि घरात सगळ्यांना बजावलं की महिना संपेपर्यंत याला हलवायचं नाही.

काही दिवसांनी ठिपके गेले. सगळे हसले, मी मात्र जास्तच घाबरले. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. ते अंगावरून गळून तळाशी पडतात, तिथं वाढतात आणि पुन्हा मासा शोधत वर येतात. हे मला ठाऊक होतं, पण काचेला तोंड कुठं असतं?

निळ्यानं खाणं टाकलं होतं. शेकुवेंच्या आईला सगळे बीबी म्हणतात. त्या रोज शेगडीपाशी बसून त्याच्याकडं बघायच्या आणि हळहळायच्या. या घरात एका मोठ्या ताटाभोवती बसून सगळे जेवतात. एकट्यानं जेवणारा माणूस त्यांना आजारी तरी वाटतो, नाहीतर रुसलेला. एका दुपारी शेकुवे बंदरात होते आणि टीमा मदरशात. बीबी पदर खोचून माझ्यापाशी आल्या.

"काय रे बाबा, पाहुण्याला असं चुलीमागं एकटं बसवतात होय?" त्या म्हणाल्या. "चल, चार जणांत बसलास की आपोआप जेवशील."

हलवू नका, बीबी! मी आतल्या आत किती ओरडले. पण त्यांनी माझीच जाळी घेतली, निळ्याला अलगद उचललं आणि बैठकीत नेलं. मी रिकामी झाले. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

निळ्यानं त्या संध्याकाळी खरंच दोन घास खाल्ले. बीबींनी ते सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. ते ऐकून शेकुवे मोठ्या टाकीकडं धावले, पण रोग त्या पाण्यात शिरून झाला होता. त्या आठवड्यातच चुंग्वाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणखी पांढरे ठिपके दिसले. मोठ्या टाकीत औषध घालता येत नव्हतं, तिथले खेकडे आणि प्रवाळ मेले असते. म्हणून सगळे मासे माझ्यात आले. निळा फार थकला होता, तो वाचला नाही. बीबींनी त्याला अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरलं.

आता चुंग्वा माझ्या पोटात धापा टाकत होता. मित्रांनो, रात्री दिवे गेले की बुडबुडे थांबतील, या धास्तीनं मी काच असून घामेजायची. बीबींनी आपली चटई माझ्याजवळ ओढली. पाणी बदलायचं, औषध मोजायचं, सगळं त्या शेकुवेंकडून शिकल्या. शुक्रवारचा फोन आला तेव्हा त्यांनीच तो हातात घेतला आणि सुनेला सगळं खरं सांगितलं. मग झुवेनाबाईंनी एवढंच विचारलं, "खातोय का?"

खात नव्हता. ईदच्या सकाळी झुवेनाबाई आल्या त्या थेट मागच्या ओसरीत, अंगावरचा बुरखाही न काढता माझ्यासमोर बसल्या. बोटाच्या टोकावर एक कोळंबीचा कण धरून पाण्यात बुडवला. चुंग्वा नळातून हळूच बाहेर आला, थबकला आणि कण घेऊन आत पळाला. बीबी ढसाढसा रडल्या.

पुढं चुंग्वा बरा होऊन बैठकीत परतला आणि माझ्यात पुन्हा एक नवा मासा आला. टीमा हट्टाला पेटली की याला तरी बैठकीत नेऊ, बिचारा एकटा पडलाय. तेव्हा बीबींनी दाराबाहेरच्या दगडी बराझाकडं बोट केलं. तुमच्याकडं ओटा असतो ना, तसाच.

"अनोळखी माणूस आला की आपण त्याला आधी कुठं बसवतो? बराझावर. कॉफी तिथंच, विचारपूस तिथंच. त्यात त्याचा अपमान होतो का?" मग माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "ही म्हणजे माशांचा बराझा. हे मला उशिरा कळलं गं."

मित्रांनो, नव्या पाहुण्याचं प्रेमानं करा, पण घाई करू नका. मला अजून भीती वाटते. त्या नव्या माशानं आत्ताच नळावर अंग घासलं. पण आज ते बीबींनीही पाहिलंय, आणि त्या चटई घेऊन येताहेत.